घरात तऱ्हेवाईक कोण?

सरांना "काय, कसं काय?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलंत की संपलात. बाकीचं जग "ठीक" म्हणून पुढे जातं. सर थांबायचे, छत्री या हातातून त्या हातात घ्यायचे आणि उत्तर द्यायचे. पूर्ण उत्तर. झोप किती लागली, पोट कसं आहे, काल वाचलेला शोधनिबंध कसा भिकार निघाला आणि एकंदरीत पाहता तब्येत "बरी, पण परवाच्या मानाने जरा कमी". परळच्या आमच्या हॉस्पिटलात लिफ्टमध्ये कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, म्हणून सर जिन्याने यायचे. जिन्यात धाप लागलेली माणसं कमी बोलतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

मी त्यांच्या हाताखाली कामाला होते. आमचा विभाग जनुकांचा. ज्या घरातलं मूल बोलत नाही, नजर देत नाही, एकाच गोष्टीत तासन्‌तास रमतं, आणि लहान मुलांच्या डॉक्टरांनी "ऑटिझम" हा शब्द उच्चारलेला असतो, ती घरं पुढे आमच्याकडे यायची. असं का झालं, कुठून आलं, पुढच्या मुलाला होईल का, हे त्यांना हवं असायचं. आम्ही घराण्याची माहिती घ्यायची, रक्त तपासायला पाठवायचं आणि जे निघेल ते समजावून सांगायचं. माझ्या दारावर पाटी होती "समुपदेशक". प्रत्यक्षात माझी नोकरी म्हणजे सर बोलून गेले की मागून जाऊन लोकांची समजूत काढणं. त्यात मी पुढे इतकी तरबेज झाले की सर तोंड उघडायच्या आधीच मी "त्यांना तसं म्हणायचं नाहीये हं" अशी सुरुवात करायची.

लालबागला आमच्या विभागातल्या एका शिपायाच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सगळे गेलो. स्टेजवर रांग, हातात पाकिटं, फोटोवाला "सर, इकडे बघा" म्हणून ओरडतोय. सर नवरीसमोर उभे राहिले, पाकीट दिलं आणि अत्यंत आपुलकीने विचारलं, "मामाचा मुलगा की आत्याचा?"

नवरीला काही कळेना. नवरा हसायचा थांबला.

"नात्यातलं नाही ना?" सरांनी खुलासा केला. "नसेल तर उत्तम. अभिनंदन."

धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला. त्या अल्बममध्ये आजही नवरीचं तोंड उघडं आहे आणि शेजारी सर अगदी समाधानाने पाहतायत. मी जेवणाच्या टेबलापर्यंत मुलीच्या बापाच्या मागे-मागे गेले, "त्यांना तसं म्हणायचं नव्हतं हो." बाप म्हणाला, "असू द्या मॅडम, आमच्या सासऱ्यांनीही हेच विचारलं होतं."

सर फणसवाडीत राहायचे. समोरासमोर दोन चाळी, मध्ये जेमतेम गल्ली. वरच्या मजल्यावर उभं राहून हात लांब केला तर समोरच्या गॅलरीतल्या माणसाच्या हातात वाटी देता येते. आईबापांना मेंदू समजावून सांगताना सर हीच फणसवाडी वापरायचे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, म्हणायचे, दोघींच्या मध्ये गल्ली असते. या गॅलरीतून वाटी पुढे होते, त्या गॅलरीतली बाई ती घेते. या जागेला आम्ही सायनॅप्स म्हणतो. अशा कोट्यवधी गॅलऱ्या. आता एखाद्या गॅलरीचा कठडाच नीट बांधलेला नसेल, तर बाई वाकणार कशी? वाटी पोचणार नाही, नाहीतर भलत्याच घरी जाईल. शिवाय लहानपणी मेंदू नको असलेल्या पुष्कळ खिडक्या बंद करत जातो. काही मुलांच्या त्या उघड्याच राहतात. मग सगळ्या चाळीचे मिक्सर, टीव्ही, भांडणं, सगळं एकदम आत. तुम्ही कान दाबणार नाही?

एकदा एका बापाने मोठ्या गंभीरपणे विचारलं, "मग डॉक्टर, गल्लीच बुजवून टाकता येणार नाही का?" सरांना हा प्रश्न एवढा आवडला की दिवसभर ते स्वतःशी हसत होते.

पण सरांचं खरं कसब माहिती काढण्यात होतं. रीत अशी असते की घराण्याचा नकाशा काढायचा, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि विचारायचं, "घरात आणखी कुणाला असं काही होतं का?" मराठी माणूस या प्रश्नाला एकच उत्तर देतो. "छे छे! आमच्याकडे कोणालाच नाही." आजोबा, पणजोबा, चुलतमालत, सगळे एकजात ठणठणीत. दादरची घरं तर वर "आमच्याकडे सगळे ग्रॅज्युएट" अशी पुस्तीही जोडतात. सरांनी तो प्रश्न केव्हाच टाकून दिला होता. नकाशा काढून झाला की ते पेनाला टोपण लावायचे, खुर्ची जरा मागे सारायचे आणि विचारायचे, "बरं. घरात तऱ्हेवाईक कोण?"

काय जादू होती त्या प्रश्नात देव जाणे! आत्तापर्यंत सुतकी चेहऱ्याने बसलेलं कुटुंब एकदम हलायचं. नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. "तुझा नानाकाका!" "आणि तुमची आत्या?" की सुटलेच. एक काका वर्तमानपत्राला इस्त्री केल्याशिवाय वाचायचे नाहीत. एक आत्या लग्नात जायची, पण पंगतीत न बसता मांडवाच्या मागे उभी राहून खांब मोजायची. एका आजोबांना बेस्टच्या बसचे मार्ग तोंडपाठ, आणि पाहुणा आला की "काय घेणार?" याऐवजी "कुठली पकडलीत?" असं विचारायचे. नवरा-बायकोंत अगदी चढाओढ लागायची, कुणाचं घराणं जास्त वेडं. बाहेर रांगेत बसलेल्यांना कळायचंच नाही, की आत एवढं हसण्यासारखं काय आहे.

"आजार विचारला की लोक लपवतात," सर म्हणायचे. "तऱ्हा विचारली की मिरवतात. मला काय, दोन्हींतून तेच कळतं."

साहजिकच सरांबद्दलही आमच्यात कुजबुज असायची. बोलताना ते तुमच्या कानाकडे बघायचे. कँटीनमध्ये इडलीला चटणी टेकली तर इडली परत. एक नवा डॉक्टर आला होता, तरुण, आगाऊ. त्याने सरळ विचारलं, "सर, तुम्ही स्वतःची तपासणी कधी केली नाहीत?"

"नाही केली," सर म्हणाले. "धीर होत नाही. नॉर्मल निघालो तर?"

आता एका मावशींची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

कोळीवाड्यातलं कुटुंब होतं. मावशी, त्यांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. मुलगा बोटीवर जायचा. मावशी भायखळ्याच्या बाजारात मासे विकायच्या आणि आमच्या खोलीतसुद्धा बाजारात बसल्यासारख्याच बसल्या, पाय फाकवून, हात गुडघ्यावर, भाव पाडून द्यायचा नाही अशा तयारीने. नात एक अक्षर बोलत नव्हती. सून उरणकडची. ती मान वर करत नव्हती.

मावशींनी आल्या-आल्या स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. "कोलंबी हाय. ताजी. डॉक्टर, तुमाला."

"मी मासे खात नाही," सर म्हणाले. "मला वास सहन होत नाही."

मावशींचा चेहरा असा झाला, की मी घाईघाईने डबा उचलला आणि म्हटलं, "मी खाते हो मावशी. दोन्ही वेळा खाते." खरंच खात होते, म्हणून निभावलं.

मग मावशींनी मुद्दा मांडला. "मना एकच सांगा. हा कोनाकडनं आला? आमच्या घरान असा कोनी नाय. हिच्या माहेरचं असनार. तुमी मशीनवर बघा आनि मना सांगा."

मी सुनेला रक्ताचा नमुना द्यायला घेऊन गेले, तेव्हा वाटेत तिने मला खरं काय ते सांगितलं. मावशींनी घरात जाहीर केलं होतं, की दोष सुनेकडचा निघाला तर तिने पोरीला घेऊन उरणला जायचं, कायमचं. मुलाला त्या मोकळं करणार होत्या. "बॅगसुद्धा भरून ठेवलीय दाराशी," ती म्हणाली. "येता-जाता मलाच अडखळायला होतं." नवरा काही बोलत नाही का, असं मी विचारलं. "तो कधीच काय बोलत नाय," ती म्हणाली.

परत आलो तर आत वेगळाच खेळ चाललेला. पोरीने सरांची रंगीत पेनं टेबलावर ओळीने लावली होती. सर तिच्याकडे न बघता एक पेन हळूच तिरकं करायचे. ती सरांकडे न बघता ते सरळ करायची. पुन्हा तिरकं, पुन्हा सरळ. चांगला वेळ हे चाललं. मग सरांनी दोन पेनं एकदम तिरकी केली आणि पोरगी खुदकन हसली. सून दारातच थबकली. लेकीला परक्या माणसाजवळ हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं.

नंतर नकाशा झाला. चौकोन, गोल. मावशी ठामच होत्या, सगळे ठणठणीत. सरांनी पेनाला टोपण लावलं, खुर्ची मागे सारली. "बरं मावशी, घरात तऱ्हेवाईक कोण?"

आणि मावशी खुलल्या!

"आमचे हे!" त्या म्हणाल्या. "वारले आता. पन त्यांच्यासारका मानूस नाय झाला कोळीवाड्यान. बोलाचं नावच नाय. कोपऱ्यान बसून जाळं विनाचे, कोन आलं, कोन गेलं, काय नाय. पन लांबून इंजिनाचा आवाज आला की डोळे मिटून सांगाचे, कोनाची बोट ती. कधी चुकले नाय! जेवनार तर एकाच ताटलीन. ती घासाला गेली असली तर उपाशी बसतील, दुसरी नाय घेनार. आनि गोंगाट नाय चालाचा. आमच्या हळदीला बँडवाल्यांनी सुरू केलं, तर नवरदेव कुठाय? बोटीन जाऊन झोपला!"

त्या पदराने डोळे पुसत हसत होत्या. मुलगा जमिनीकडे बघत होता. सून माझ्याकडे बघत होती. मी खोकल्याचं सोंग केलं. आपण काय बोलून बसलो, याचा मावशींना पत्ताच नव्हता. सरांनी "छान" म्हटलं आणि नमस्कार केला.

काही आठवड्यांनी रिपोर्ट आला. मेंदूतल्या त्या गॅलरीचा कठडा ज्या जनुकाच्या भरवशावर बांधला जातो, त्यात बदल होता. आणि तो आईकडून आला होता.

मला दाराशी भरून ठेवलेली ती बॅग आठवली. सरांची शिस्त अशी, की ज्याचं रक्त त्याला आधी सांगायचं, एकट्याला. त्यांनी सुनेला आत बोलावलं. बाहेर मावशी बाकावर पोरीला घेऊन बसल्या होत्या.

"तुमच्याकडून आलंय," सर तिच्या कानाकडे बघत म्हणाले. "बाहेर सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. नको म्हणालात तर मी त्यांना सांगेन, की मी सांगणार नाही."

"अहो सर," मी म्हटलं, "'सांगणार नाही' म्हणजे सांगितल्यासारखंच की! काही सापडलं नाही म्हणा ना."

"पण सापडलंय."

"माहितीये मला. पण एकदा खोटं बोला, सर. एकदाच. एका बाईचा संसार आहे."

सरांनी खरंच प्रयत्न केला. खोटं कशाला सांगू! ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि सराव करू लागले. "काही सापड... काही सापडलं..." कान लाल झाले, कपाळावर घाम आला. "नाही" हा एक शब्द काही बाहेर पडेना. शेवटी ते माझ्याकडे वळून अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले, "जमत नाही गं."

आणि इतका वेळ दगडासारखी बसलेली ती सून हसली. तोंडावर पदर धरून हसली. "राहू दे सर," ती म्हणाली. "सांगा खरं काय ते. बॅग तर भरलेलीच हाय. रोज-रोज मरन्यापेक्षा एकदाचं होऊन जाऊ दे."

मग सगळे आत आले. सरांनी फणसवाडी सुरू केली. गल्ली, गॅलरी, वाटी, कठडा. मावशींनी दोन मिनिटं ऐकलं आणि हात वर केला.

"ते ऱ्हाऊ दे. मना हो की नाय सांगा. हिच्याकडनं आला?"

"हो," सर म्हणाले.

मावशी सुनेकडे वळल्या. तोंड उघडलंच होतं.

"आणि तुमच्याकडूनही," सर म्हणाले.

"आमच्याकडनं? कसा काय?"

"हिच्यात हाच बदल आहे. आणि ही बोलते, हसते, घर चालवते. म्हणजे नुसत्या तेवढ्याने होत नाही. तेवढं असलं की शक्यता वाढते, एवढंच. वर आणखी बारीकसारीक पुष्कळ काही जमून यावं लागतं, आणि ते आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं. इथे काय-काय जमलं, ते आमच्या मशीनला अजून वेगळं काढता येत नाही. तुमच्या यजमानांना मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दल मी काही ठरवणार नाही. पण एकच ताटली, गोंगाट झाला की पळणं, बोलाचं नावच नाय, हे तुम्ही सांगितलंत, मावशी. मी विचारलं तेव्हा हसून सांगितलंत. यातलं तुमच्या नातीत काय आहे, ते माझ्यापेक्षा तुम्हीच बघा."

मावशींनी नातीकडे पाहिलं. ती पंख्याच्या आवाजाला कान दाबून, डोळे मिटून बसली होती. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं आता भडका उडणार. माझी समजूत काढायची वाक्यं तयार होती.

"ते आजारी नव्हते," मावशी शेवटी म्हणाल्या. आवाज बाजारातला नव्हता. "त्यांना कोनी कधी आजारी नाय म्हटलं."

"नसेल म्हटलं," सर म्हणाले. "कारण तुम्ही होता. त्यांच्या वाटणीचं तुम्ही बोलत होता."

सर कुणाच्या डोळ्यांत बघून बोललेले मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. मावशींनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी आलं ते पुसलंही नाही. मग त्या उठल्या, नातीला काखेत मारलं आणि सुनेला म्हणाल्या, "ऊठ. घरी जाऊन ती बॅग खाली कर. मना बाजाराला लागते."

सून उठली. नवऱ्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. तो त्या दिवशीही काही बोलला नाही. सगळे गेले आणि मी खुर्चीत बसून घळाघळा रडले, आनंदाने, अगदी नाक पुसत.

सर मात्र खोलीत येरझारा घालत होते. "चुकलं," ते म्हणाले.

"आता काय चुकलं, सर?"

"'कारण तुम्ही होता' असं मी म्हणालो. ठामपणे म्हणालो. त्याला पुरावा काय?"

"अहो सर, राहू द्या ना! इतकं छान झालंय..."

पण सर निघालेही होते. जिन्यावरून धडाधडा खाली. मी मागे. फाटकापाशी मावशींची मंडळी टॅक्सीत बसत होती. सर खिडकीशी वाकले, धापा टाकत.

"मावशी, मघाशी मी बोललो ते... तुम्ही होता म्हणून त्यांना कुणी आजारी म्हटलं नाही... ते मी तसं सांगायला नको होतं. त्याला पुरावा नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. सून आत घाबरून बसली. मागची टॅक्सी हॉर्न वाजवायला लागली. मावशींनी सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, शिळ्या माशाकडे बघावं तसं.

"मी जिती हाय ना समोर?" त्या म्हणाल्या. "जन्म काढला त्यांच्याबरोबर. मना पुरावा विचारतो! चल रे, टॅक्सी काढ."

टॅक्सी वळून गेली. सर फुटपाथवर तसेच उभे होते, विचार करत. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

"एकच उदाहरण आहे," ते मला म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "पण चालेल."